आचारी घेऊन नॉटिंगहॅमला

नागपूर विमानतळावर पहाटे सुरक्षा तपासणीतल्या जवानाने माझा बिस्किटांचा टिनचा डबा उघडला, आत बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"ये क्या है?"

"खिलौने."

"बच्चे के?"

"नही. मेरे."

माझं वय शेहेचाळीस, केस अर्धे पांढरे. त्याने डब्यातली सगळ्यात मोठी बाहुली उचलायला हात घातला, तर ती निघेना. तिच्या बुडाला चुंबक होतं. जोर लावल्यावर टक्कन सुटली. चार बोटं उंचीचं एक झाड. झाडाला डोळे, झाडाला दाढी आणि फांद्यांना मोहरीएवढी नारिंगी फळं. "संतरे का पेड?" तो म्हणाला. नागपुरात नोकरी करणाऱ्याला तेवढं तर ओळखता यायलाच हवं. मग दुसरा जवान आला, तिसरा आला. "भगवान है क्या?" "नही, खिलाडी है." ते काही कोणाला पटलं नाही. पण झाड डब्यात परत ठेवताना त्याने दोन्ही हात लावले, अगदी अदबीने. असलंच काही देवाधर्माचं, तर उगीच विषाची परीक्षा कशाला!

डब्यात असे सोळा खेळाडू होते आणि सतरावा आचारी. त्यांना घेऊन मी इंग्लंडला स्पर्धेत उतरायला निघालो होतो. प्रताप नगर चौकातून रात्रीच्या वेळी विमानतळ दहा-पंधरा मिनिटांवर. सोडायला आलेल्या दोघा मित्रांनी गाडीतून उतरताना एकच आशीर्वाद दिला होता, "शेवटचा नको येऊ बे, बस."

खेळाचं नाव ब्लड बाउल. नावावर जाऊ नका, रक्त कुठेच सांडत नाही, सांडतो तो चहा. अमेरिकन फुटबॉलची चेष्टा म्हणून जर्विस जॉन्सन नावाच्या इंग्रजाने तो रचला आणि १९८६ साली गेम्स वर्कशॉप कंपनीने बाजारात आणला. मैदान टेबलावर मावणारं, २६ बाय १५ घरांचं, म्हणजे एकूण ३९० घरं. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, पण ते माणसंच असतील असं नाही. ऑर्क, एल्फ, ठेंगू दाढीवाले ड्वार्फ, मेलेले आणि मेल्यावर परत उठलेले, कोणीही. आठ-आठ पाळ्यांचे दोन अर्ध. चेंडू पलीकडच्या शेवटच्या ओळीत नेला की टचडाउन. या जगात एक देवही आहे, नफल. अमेरिकेतल्या फुटबॉल लीगची एन-एफ-एल ही तीन अक्षरं एका दमात वाचली की तो प्रकट होतो. त्याला साकडं घालायचं ते फाशांसाठी, कारण बाकी सगळं फाशांवर.

फासे म्हटल्यावर आमच्या आईच्या कपाळाला आठी पडते. "फाशांनी कोणाचं भलं झालं सांग. पांडवांचं झालं?" हा तिचा प्रश्न पंधरा वर्षं जुना आहे आणि माझ्याकडे अजून उत्तर नाही. एकदा मी तिला समजवायला गेलो की यात शकुनी लागतच नाही. धक्का मारायचा फासा वेगळा असतो. त्याच्या सहा बाजूंपैकी एका बाजूला कवटी, ती आली की धक्का मारणाराच पडतो. एका बाजूला दोघंही पडतात. दोन बाजूंना नुसतं मागे ढकललं जातं, आणि उरलेल्या दोन बाजूंवर समोरचा आडवा होण्याची आशा. आणि तुमचा माणूस तुमच्याच पाळीत पडला की पाळी तिथेच संपली. बाकीचे दहा जण हात बांधून उभे. "म्हणजे आपणच आपल्याला हरवायचं," आई म्हणाली. हा खेळ इतक्या थोडक्यात मला कोणीच सांगितला नव्हता.

आम्हाला हे वेड लागलं तेव्हा कंपनीने खेळ जवळजवळ वाऱ्यावर सोडला होता. दुकानात डबा मिळत नसे, पण नियमपुस्तक फुकट उतरवून घेता येत असे आणि जगभरचे खेळाडू आपल्या आपण स्पर्धा भरवून खेळ जिवंत ठेवत होते. नवा डबा आला तो थेट २०१६ साली. तोवर आम्ही चौघांनी नियम माटे चौकात झेरॉक्स केले, सुताराकडून प्लायवूडचा तुकडा आणला, त्यावर पट्टीने ३९० घरं आखली आणि कॅरमच्या सोंगट्यांवर व्हाइटनरने आकडे टाकून खेळायला बसलो. काळ्या सोंगट्या ऑर्क, पांढऱ्या माणसं. राणीला आम्ही राक्षस केलं होतं. दर रविवारी, प्रताप नगरातल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर. पुढे आमच्यातला चौथा नोकरीसाठी इंग्लंडात लेस्टरला गेला आणि तिथून फोटो पाठवून आम्हाला जाळायला लागला. "येऊन जा एकदा," तो म्हणायचा. २०२४ च्या मे महिन्यात मी गेलो.

संघ कोणता न्यायचा यावर रविवारचे दोन डाव वाया गेले. शहाणा माणूस ऑर्क नेतो, ड्वार्फ नेतो. मी हाफलिंग नेले. हाफलिंग म्हणजे जेमतेम गुडघ्याएवढे, पोट सुटलेले, खाण्यावर जीव असलेले बुटके. ताकद दोन, तर साध्या माणसाची तीन. धक्का द्यायला गेले तर दोन फासे पडतात आणि त्यातला कोणता घ्यायचा हे समोरचा ठरवतो. स्पर्धेत प्रत्येकाला संघ उभा करायला साडेअकरा लाख सुवर्णमुद्रा होत्या. एक बुटका तीस हजारांना. बरोबर दोन चालती झाडं घेता येतात, एक लाख वीस हजाराला एक. वैद्य पन्नास हजार. आणि मुख्य आचारी एक लाख.

आचारी वैद्याच्या दुप्पट. ज्याने घरचं एक तरी लग्न पार पाडलं आहे त्याला हा भाव बरोबर वाटेल.

हा आचारी मैदानात उतरत नाही. तो कडेला स्वयंपाक करतो. प्रत्येक अर्धाच्या सुरुवातीला तीन फासे टाकायचे. ज्या ज्या फाशावर चार किंवा जास्त येईल, त्यामागे तुम्हाला एक रीरोल मिळतो आणि समोरच्याचा एक जातो. रीरोल म्हणजे फासा उलटा पडल्यावर पुन्हा टाकायची जी सोय असते ती. कारण काय, तर वासाने समोरच्या संघाचं लक्ष उडतं. बाकीचे नियम कोणी का लिहिले असतील ते असतील, हा नियम लिहिणारा कधीतरी भुकेल्या पोटी नागपुरातल्या सावजी भोजनालयावरून गेला असावा अशी माझी खात्री आहे.

म्हणून माझा आचारी सावजी. पांढरी बनियन, खांद्यावर लाल गमछा, हातात झारा. उंची माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. त्याच्या पुढ्यातल्या पातेल्यात आधी तपकिरी रंग भरला, त्यावर तांबडा, आणि सगळं वाळल्यावर टूथपिकच्या टोकाने चमकदार व्हार्निशचा एकच थेंब सोडला. तो थेंब आपल्या आपण पसरून कडेला जाऊन थांबला. तर्री.

एप्रिलमध्ये नागपुरात बाहुल्या रंगवणं हा स्वतंत्र छळ आहे. अस्तराचा फवारा दुपारी मारला तर रंग हवेतच वाळतो आणि बाहुलीवर भुरभुरीत रवा बसतो. म्हणून पहाटे पाचला गच्चीवर. बशीतला रंग ब्रश बुडवेपर्यंत साय धरतो, म्हणून ओल्या स्पंजवर बटर पेपर आणि त्यावर रंग. कपड्यांच्या चुण्या उठाव्यात म्हणून पातळ तपकिरी शाई सोडायची, ती खाचांत उतरून बसते. मग जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा. डोळे सगळ्यात शेवटी, श्वास रोखून. सोळांपैकी तीन बुटके चकणे झाले. ते तसेच ठेवले.

ही सवय मला तान्ह्या पोळ्याने लावली. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो: बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. लाकडाचे नंदीबैल, तळहातावर मावणाऱ्यापासून माणसाच्या उंचीपर्यंतचे, सजवून ओळीने उभे करायचे. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात. पोरं बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. मैदानात परीक्षक फिरतात, ज्याचा बैल देखणा त्याला बक्षीस. मी आठ वर्षांचा असताना माझ्या बैलाची शिंगं सोनेरी ऑइलपेंटने रंगवली आणि परीक्षक येईपर्यंत ती ओलीच राहिली. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला जी रेघ लागली तिचं वर्णन करत नाही. बक्षीस गेलं. तेव्हापासून मी रंग वाळेपर्यंत थांबतो.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. नागपूरहून दोहा, दोह्याहून बर्मिंगहॅम, तिथून रेल्वेने लेस्टर. डबा मांडीवर. मी निघालो तेव्हा नागपूर बेचाळीसच्या पुढे गेलं होतं. बर्मिंगहॅमला उतरलो तर लोक तेरा अंशांत अर्ध्या चड्डीत हिंडत होते आणि उन्हाळा आला म्हणून खूश होते. मी घरात पाऊल टाकताच मित्राने विचारलं, "बर्फी आणली का?" आणली होती, संत्रा बर्फी, चार डबे. एक वहिनींना दिला. उरलेले तीन स्पर्धेसाठी राखून ठेवले, असं मी जाहीर केल्यावर तो पाच मिनिटं माझ्याशी बोलला नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नॉटिंगहॅमला लेंटनमध्ये गेलो. गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तिथे आहे आणि त्याला लागून वॉरहॅमर वर्ल्ड. दारात चिलखती योद्ध्याचा भला मोठा पुतळा, आत दुकानं, खेळायची टेबलं, बगमन्स नावाचं खानपानगृह आणि वर काचेआडची प्रदर्शनं. एकेका देखाव्यात शेकडो बाहुल्या, लढताहेत, पडताहेत, बुरुजावर चढताहेत. मी एका काचेला नाक लावून इतका वेळ उभा होतो की मागच्या लहान मुलाने "एक्स्क्यूज मी" म्हटलं. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मातीचे मावळे मांडतो, बाजूला दुकानातून आणलेला वाघ ठेवतो आणि तो किल्ल्यापेक्षा मोठा असतो. इथे वाघाचंही प्रमाण बरोबर होतं. मजा कुठली जास्त, हे मी सांगणार नाही.

ही कंपनी १९७५ साली लंडनमध्ये तिघा मित्रांनी काढली आणि आधी ते जुन्या बैठ्या खेळांचे लाकडी पाट करून विकायचे. आज नॉटिंगहॅम आणि आसपास बाहुल्या ओतणाऱ्या इतक्या कंपन्या आहेत की या पट्ट्याला शौकीन 'शिशाचा पट्टा' म्हणतात, पूर्वी बाहुल्या शिशाच्या असत म्हणून. एकाकडे शिकलेला कारागीर बाहेर पडून शेजारी स्वतःचं दुकान थाटतो. मला नागपूरच्या महाल भागातली चितार ओळ आठवली. गणपतीच्या आधी तिथून चालताना दोन्ही बाजूंना बिनडोळ्यांचे गणपती बसलेले असतात आणि एकाच घरातून निघालेली चार घरं एकमेकांसमोर मूर्ती घडवत असतात. फरक इतकाच की लेंटनमधल्या कंपनीचं नाव त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभरांत जाऊन बसलं. चितार ओळीवर ती वेळ अजून आलेली नाही.

स्पर्धा शहरातल्या एका सभागृहात होती. लांबच लांब टेबलं, प्रत्येकावर मैदानं, पंख्यांऐवजी हीटर, आणि दाराजवळ चहाचं मोठं बॉयलर. माणसं सगळ्या प्रकारची. ट्रकचालक, शाळामास्तर, टकलावर ड्रॅगन गोंदवलेला एक ग्रंथपाल, आपल्या बापाला घेऊन आलेली एक मुलगी. सगळे एकमेकांना 'कोच' म्हणत होते. सहा फेऱ्या, दोन दिवस, जोड्या बुद्धिबळासारख्या स्विस पद्धतीने, म्हणजे जिंकणारा जिंकणाऱ्याशी आणि हरणारा हरणाऱ्याशी. जसजसे हरत जाल तसतसं तुमचं टेबल खाली सरकतं. खालची टेबलं बॉयलरजवळ होती. हे मला दुसऱ्या फेरीनंतर कळलं आणि त्यानंतर हरण्याची भीती निम्मी झाली.

पहिली फेरी काळ्या ऑर्कांशी. त्याबद्दल एवढंच की मध्यंतराला माझे सहा बुटके स्ट्रेचरवर होते. तीन-शून्य. दुसरीत एल्फ माझ्या पोरांच्या डोक्यांवरून नाचत गेले. तिसरीत एका मास्तरांच्या माणसांशी एक-एक अशी बरोबरी झाली, आणि तीही मी काही केलं म्हणून नव्हे. मास्तरांना लागोपाठ दोन कवट्या पडल्या. आमच्याकडे ईडापीडा हाकलताना म्हणतात तसं मी मनात म्हटलं, घेऊन जा गे मारबत. आपल्याकडची ईडापीडा त्यांच्याकडे कशी वळवायची याचा काही मंत्र मारबतीत नाही, तरी लागू पडला. रविवारी सकाळी मेलेल्यांच्या संघाने आम्हाला शांतपणे जेवून टाकलं.

प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला मी सुरुवातीला एक वडी बर्फी देत होतो. या खेळात पंचाला लाच द्यायची अधिकृत सोय आहे, तिचा दरही छापलेला आहे, त्यामुळे सगळे आधी संशयाने बघायचे. मग खायचे. मग मित्रांना बोलावून आणायचे. मग आचाऱ्याकडे बघायचे आणि विचारायचे, पातेल्यात काय आहे? मटणाचा रस्सा कसा सांगायचा? मी सांगायचो, दुसऱ्या दिवशीसुद्धा आठवतो असा पदार्थ.

पाचव्या फेरीत समोर एक निवृत्त नर्स होत्या. सत्तरीच्या, विणलेला स्वेटर, चष्मा साखळीला, आणि संघ ड्वार्फांचा. हाफलिंगांना ड्वार्फ म्हणजे काळ. बुटक्यांची एकच कला असते, निसटणं. ती चुकली तर पुन्हा फासा टाकता येतो, म्हणून नऊपैकी आठ वेळा ते निसटतात. ड्वार्फांना पाय धरायची विद्या येते आणि तिच्यापुढे ही दुसरी संधीच रद्द होते. नर्सबाईंनी बर्फी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि त्याच वेळी मी आचाऱ्याचे तीन फासे टाकले. चार, सहा, पाच. त्यांच्याकडे तीन रीरोल होते. त्यांनी डोळे उघडले, फासे बघितले आणि तिन्ही बिल्ले एकेक करून माझ्याकडे सरकवले. "आमच्या वॉर्डात असं कोणी केलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं," त्या म्हणाल्या आणि दुसरी वडी घेतली.

रीरोल नसतानाही त्यांचे ड्वार्फ चार-चार घरं चालत आले. घाई नाही, दया नाही. दर पाळीला माझा एखादा बुटका मैदानाबाहेर. आठव्या पाळीत, बरोबर शेवटच्या क्षणाला, त्यांनी टचडाउन केलं. आता अर्ध संपायला माझी एकच पाळी उरली होती.

एका पाळीत टचडाउन करायचा हाफलिंगांकडे एकच मार्ग आहे आणि त्यासाठीच लोक हा संघ घेतात. एकाने चेंडू उचलायचा. झाडाशेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या हातात द्यायचा. झाडाने त्या दुसऱ्याला चेंडूसकट उचलून फेकायचं. त्याने हवेतून भरकटत जाऊन पायांवर उतरायचं. आणि पळायचं. माझ्याकडे तीन रीरोल शिल्लक होते.

चेंडू उचलायला तीन किंवा वर हवे होते. दोन आले. रीरोल. चार. हातात देणं, पाच. झाडाला आधी फासा टाकावा लागतो, एक आला तर ते जागीच मूळ धरतं. तीन आले. फेक जेमतेम. बुटका तीन घरं वाऱ्यावर गेला, सुदैवाने पुढेच गेला. उतरायला एक आला. रीरोल. पाच. शेजारच्या टेबलावरचा डाव थांबला होता. ग्रंथपाल उठून मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात वडी होती. बुटका पळाला, पाच घरं. अजून दोन हवी होती. त्यासाठी जास्तीचा जोर लावायचा, प्रत्येक घराला फासा, नुसता एक येऊ नये. पहिल्याला तीन. शेवटच्या घराला फासा टाकला. एक.

शेवटचा रीरोल. टाकला. एक.

लागोपाठ दोन एक, छत्तीसांत एकदा येतात. चकण्यांपैकीच एक होता तो. टचडाउनच्या शेवटच्या घरात पोचला खरा, पण उपडा पडला आणि चेंडू गडगडत निघून गेला. सभागृहात "ओऽऽह" असा जो आवाज उठला तो मी ईडनवरच्या झेलाला टीव्हीवर ऐकला आहे. नर्सबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघतात तसा. दुसऱ्या अर्धात दोन्ही झाडांनी मूळ धरलं आणि आम्ही दोन-शून्य हरलो. डाव संपल्यावर त्यांनी मला आपला एक फासा दिला. या स्पर्धांत फाशांची देवघेव चालते, प्रत्येक क्लब आपल्या चिन्हाचे बनवून घेतो. त्यांच्या फाशावर कवटीच्या जागी चहाची किटली होती.

सहावी फेरी अगदी शेवटच्या टेबलावर, बॉयलरला पाठ लागेल इतक्या जवळ. समोर अकरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे गॉब्लिन. गॉब्लिनांना पंचाची लाच निम्म्या भावात मिळते, कारण त्यांच्याकडे करवती आणि बॉम्ब असतात. त्या पोराने पहिल्याच पाळीत बॉम्ब फेकला, तो त्याच्याच तिघांमध्ये फुटला, आणि तो खुर्चीवर उभा राहून हसला. मी जिंकलो, एक-शून्य. सहा फेऱ्यांतला एकुलता एक विजय, अकरा वर्षांच्या पोरावर, आणि तोसुद्धा त्याच्या बॉम्बच्या कृपेने. प्रताप नगरला फोनवर सांगताना मी वय गाळलं.

बक्षीस समारंभात सगळ्यात शेवटच्याला लाकडी पळी देतात. ती त्या पोराला मिळाली. त्याने ती रणजी करंडकासारखी डोक्यावर धरली आणि अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मग तो माझ्याजवळ आला, आचाऱ्याकडे बघत म्हणाला, "त्याच्या झाऱ्यापेक्षा माझी पळी मोठी आहे." खरं होतं. रंगकामासाठी मतदान झालं, त्यात मला दोन मतं पडली. त्यातलं एकही माझं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवतो. माझ्याबरोबर आलेल्या लेस्टरच्या मित्राने शपथ घेतली की त्याचंही नव्हतं. बर्फीचा तिसरा डबा तेव्हा रिकामा झालेला होता.

परतताना बर्मिंगहॅमला सुरक्षा तपासणीत कोणी डबा उघडलाही नाही. पडद्यावर बघून त्या बाईंनी नुसतं म्हटलं, "वॉरहॅमर?" मी मान डोलावली. थोडं वाईटच वाटलं.

घरी पोचलो ते मे महिन्याच्या शेवटच्या दिवसांत. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित तापमापकाने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या आणि नंतर यंत्रच चुकल्याचं निघालं. त्यावर आमच्या गल्लीत कोणाचा विश्वास बसला नाही. यंत्र बरोबर आहे, जाहीर करायला घाबरतात, असं सगळ्यांचं मत पडलं. आईने फाशावरची किटली चष्मा लावून बघितली आणि पहिल्यांदाच एक फासा देवघराजवळच्या फळीवर ठेवायला परवानगी दिली.

रविवारी टेबल मांडलं. प्रवासात आचाऱ्याचा झारा तुटला होता, तो फेव्हिक्विकने चिकटवून बाजूला वाळत ठेवला. मित्रांनी सहाही डाव घर घर विचारून घेतले. शेवटच्या डावाबद्दल एकाने विचारलंच, "समोरचा किती वर्षांचा होता?" मी म्हटलं, अनुभवी होता.

डावाआधी हवामानाचे दोन फासे टाकायचे असतात. बेरीज चार ते दहा आली तर हवा छान, बारा आली तर बर्फाचं वादळ. मी टाकले. एक आणि एक. तक्ता बघायची गरज नव्हती. बेरीज दोन म्हणजे असह्य उकाडा, उन्हाने खेळाडू भोवळ येऊन पडतात.

"नॉटिंगहॅमला हे कधी आलं?" दोघा मित्रांतल्या धाकट्याने विचारलं.

"सहा डावांत एकदाही नाही."

तो उठला, मागे जाऊन कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं, हात पुसत परत येऊन बसला आणि म्हणाला, "हां, आता टाक आचाऱ्याचे."